बागेतलं 'इन्सुलिन'चं झाड आणि माझी डायरी

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण. छापण्यासाठी लिहून काढताना थोडेफार फेरफार केले आहेत.)



आपल्या चिटणीसांनी मला विषय दिला होता 'ऑनलाइन फसवणूक कशी टाळावी'. छत्तीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला हाच विषय देणार, त्यांचं काही चुकलं नाही. पण मी म्हटलं, फसवणुकीवरच बोलतो, फक्त अशा प्रकरणावर बोलतो ज्यात फसवणारा आणि फसलेला माणूस एकच होता. तो आत्ता तुमच्यासमोर उभा आहे. विषय आहे औषधी पानांचा आणि मधुमेहाचा. माझं शिक्षण बी.कॉम. रसायनशास्त्राशी माझा शेवटचा संबंध अकरावी मॅट्रिकला आला, तोही काठावर पास होण्यापुरता. त्यामुळे मी डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ म्हणून बोलत नाही. एक जुना मधुमेही आणि हिशेब तपासायची सवय असलेला माणूस म्हणून बोलतो.

सुरुवातीला एक गंमत करू. पुढच्या रांगेतल्या आठ जणांना एकेक हिरवं पान दिलंय. माझ्या नातीने तिच्या फार्मसी कॉलेजच्या औषधी बागेतून आणलंय. हे पान चावून चावून मिनिटभर जिभेवर घोळवा, थुंकून टाका आणि मग शेजारच्या वाटीतले साखरेचे चार दाणे तोंडात टाका.

(इथे दोन मिनिटं सभागृहात बरीच गडबड झाली. "अहो, ही साखर आहे की रेती?" असं एक काका म्हणाले. एका काकूंना वाटलं की मी मुद्दाम मीठ ठेवलंय.)

साखरच आहे, वाण्याकडची. हे पान गुडमारचं. आपल्याकडे याला बेडकीचा पाला म्हणतात, संस्कृतात मधुनाशिनी. सह्याद्रीच्या रानात याचे वेल आहेत. या पानातले जिम्नेमिक आम्ल नावाचे घटक जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या जागा अडवून ठेवतात. अर्धा-पाऊण तासाने चव परत येईल, काळजी नको. आता मला सांगा, हा अनुभव घेतल्यावर कुणालाही असं वाटणारच ना, की जे पान साखरेची गोडी मारतं ते रक्तातली साखरही मारत असणार? मलाही तसंच वाटायचं. पण जीभ वेगळी आणि रक्त वेगळं. जिभेचा पुरावा दोन मिनिटांत मिळाला. रक्ताचा पुरावा कसा मिळवतात, तो मिळवायला किती खटपट लागते, आणि तो मिळण्याआधीच आपण विश्वास ठेवला तर काय होतं, हे आज सांगायचं आहे.

आपल्या बागेत पंपरूमच्या बाजूला एक झाड आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. जिन्यासारखी गोल गोल चढत जाणारी पानं, नारिंगी फूल. २०२१ साली कुणीतरी नर्सरीतून रोप आणलं आणि मी तेव्हा खजिनदार होतो म्हणून उत्साहाने पत्र्याची पाटी रंगवून घेतली. 'इन्सुलिन प्लांट. मधुमेहावर गुणकारी. रोज दोन पाने चावून खावीत.' हा मजकूर माझा. वाचलं कुठे होतं? मोबाइलवर आलेल्या एका मेसेजमध्ये. बँकेत सही जुळली नाही तर दोनशे रुपयांचा चेकसुद्धा मी परत पाठवत असे, आणि इथे पाठवणाऱ्याचं नावसुद्धा विचारलं नाही.

मग रोज सकाळी आमचा कार्यक्रम सुरू झाला. सहा-साडेसहाला खाली उतरायचं, बागेला चार-पाच फेऱ्या मारायच्या, दोन पानं तोडायची, चावायची. चव आंबटसर, वाईट नाही. आम्ही सात-आठ जण होतो. त्याला चेष्टेने 'पानाचा ठेला' म्हणायचो.

मला सवय आहे सगळं लिहून ठेवायची. घरच्या ग्लुकोमीटरवर उपाशीपोटीची साखर मोजून मी डायरीत लिहीत होतो. सुरुवातीला १५२ होती. महिन्याभरात १२८ वर आली. माझा आनंद गगनात मावेना! ज्याला त्याला डायरी दाखवत सुटलो. आणि मग मनाशी म्हटलं, पान काम करतंय तर गोळी कशाला? मला मेटफॉर्मिनची गोळी होती, सकाळ-संध्याकाळ, २००४ सालापासून. आधी संध्याकाळची बंद केली. दोन आठवड्यांनी सकाळचीही. डॉक्टरांना सांगितलं नाही. घरात सांगितलं नाही. पाकिटं टेबलाच्या खणात साठत गेली.

पुढच्या काही महिन्यांत आकडे चढायला लागले. १४६, १६०, १७८. आणि मग डायरीत पानंच्या पानं कोरी आहेत. थकबाकीदार माणूस बँकेच्या गल्लीतून जायचं टाळतो, तसा मी ग्लुकोमीटरकडे बघायचं टाळायला लागलो.

२०२२ च्या दिवाळीत नवी चप्पल घेतली. डाव्या पायाच्या करंगळीला फोड आला तो मला कळलाच नाही, कारण तिथली संवेदना आधीच गेली होती. सौभाग्यवतीला मोज्यावर डाग दिसला तेव्हा ते प्रकरण हाडापर्यंत गेलं होतं. दवाखान्यात एचबीए१सी केली, ११.४ आली. ही तपासणी म्हणजे काय ते बँकेच्या भाषेत सांगतो. रोजची साखर म्हणजे त्या दिवसाची शिल्लक. एचबीए१सी म्हणजे गेल्या तीन महिन्यांची सरासरी शिल्लक. एक दिवस कुणाकडून उसने आणून शिल्लक चांगली दाखवता येते, सरासरी दाखवता येत नाही.

करंगळी काढावी लागली.

तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं होतं की जिन्यात ठेच लागली आणि चिघळलं. कुणी विचारलं तर आजवर तेच सांगत आलो. आज या सभागृहात पहिल्यांदा खरं सांगतोय.

पण त्याहून जास्त टोचणारी गोष्ट पुढे आहे. बी विंगमधल्या आमच्या एका वहिनी माझी डायरी बघून पानं खायला लागल्या होत्या. त्यांनीही गोळ्या निम्म्यावर आणल्या होत्या, आणि ते मला ठाऊक होतं. ऑपरेशन होऊन मी घरी आलो, त्या मला बघायला आल्या, सोबत मुगाचं सूप घेऊन आल्या. आणि मी त्यांनाही तेच सांगितलं, जिन्यात ठेच लागली. लाज वाटली मला. पाटी माझी, डायरी माझी, कसं सांगू? चार महिन्यांनी त्या चष्म्याचा नंबर तपासायला गेल्या तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावर रक्ताचे ठिपके दिसले. वेळेत लक्षात आलं, लेझर झालं, नजर शाबूत आहे. आज त्या इथे बसल्या आहेत. परवा त्यांची परवानगी घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, सांगा खुशाल, फक्त माझं नाव घेऊ नका. आणि मी त्या चार महिन्यांचं विसरलेले नाही, तेही सांगा." सांगितलं.

आता नातीकडे येतो. लेकीची मुलगी, एम.फार्म. करतेय. तिचा प्रोजेक्टच आहे गुडमारच्या पानांच्या अर्काचा मधुमेहाच्या दृष्टीने अभ्यास. हे कळलं तेव्हा मी जरा चिडूनच म्हटलं, "पानांनी तुझ्या आजोबाचं बोट खाल्लं, आणि तू त्यावरच डिग्री घेणार?" ती म्हणाली, "आजोबा, तुमची डायरी दाखवा आधी." तासभर चाळली आणि विचारलं, "चालायला कधी सुरुवात केलीत?" पानं तोडायला खाली उतरायला लागलो तेव्हापासून. "चहातली साखर?" तीही त्याच सुमाराला सोडली होती. "हे दोन्ही डायरीत नाही. आणि गोळ्या बंद केल्याची तारीख कुठंय?" तीही नव्हती. म्हणजे पहिल्या महिन्यात साखर उतरली ती पानाने, चालण्याने की बिनसाखरेच्या चहाने, हे माझ्या डायरीवरून कुणीच सांगू शकत नव्हतं. मी सगळं श्रेय पानाच्या खात्यावर जमा केलं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांचे ताळेबंद तपासले, आणि स्वतःचा असा एकतर्फी लिहिला!

मग तिनेच मला एक दिवस प्रयोगशाळेत नेलं. जे पाहिलं ते जमेल तसं सांगतो.

पहिली पायरी पानाची ओळख पटवण्याची. गुडमार समजून कुणी दुसऱ्याच वेलीचा पाला आणला तर पुढचं सगळं काम वाया. म्हणून फांदी, पान, फूल यांचा नमुना दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून तज्ज्ञांकडून तपासून घेतात. पुण्यात बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या कार्यालयात हे काम होतं. त्या नमुन्याला नंबर मिळतो, तो जपून ठेवतात. त्याला म्हणतात 'व्हाऊचर स्पेसिमेन'. व्हाऊचर हा शब्द ऐकून माझे कान टवकारले! नमुना सहीचं कार्ड आणि व्हाऊचर, दोन्ही एकाच कागदात. पानांचीसुद्धा केवायसी होते मंडळी, आणि मी मात्र नर्सरीवाल्याच्या शब्दावर झाड लावलं होतं.

मग पानं सावलीत वाळवतात, दळतात, आणि भुकटी अल्कोहोलमध्ये किंवा पाण्यात मुरवून किंवा उकळून तिच्यातले घटक उतरवून घेतात. काचेचं एक उपकरण आहे, सॉक्सलेट नावाचं. त्यात अल्कोहोलची वाफ वर जाते, थंड होऊन भुकटीवर ठिबकते, भरली की खाली उतरते, पुन्हा वर जाते. तासन् तास हे चालतं. शेवटी अल्कोहोल उडवून लावला की काळपट हिरवा, काकवीसारखा चिकट गोळा उरतो. तो अर्क. पाण्यात उतरतं ते अल्कोहोलमध्ये उतरतंच असं नाही, आणि उलटही. त्यामुळे 'अमुक पानाचा अर्क गुणकारी' असं वाचलं की आधी विचारायचं, कशातला अर्क?

दुसरी पायरी परीक्षानळीची. आपण भात-पोळी खातो त्यातल्या पिठूळ पदार्थाची, म्हणजे स्टार्चची, साखर करायचं काम अमायलेज नावाचं पाचक द्रव्य करतं. नळीत स्टार्च आणि अमायलेज एकत्र ठेवलं, वर एक पिवळं रसायन घालून गरम केलं, की तयार झालेल्या साखरेच्या प्रमाणात रंग नारिंगी-तांबूस होतो. त्यात पानाचा अर्क घातला आणि रंग फिकाच राहिला तर समजायचं, अर्काने साखर होण्याचं काम अडवलं. मधुमेहावरचं अकार्बोज नावाचं औषध अशाच प्रकारे काम करतं, म्हणून तुलनेसाठी त्याचीही एक नळी ठेवतात. शिवाय पानाचा स्वतःचा रंग असतो, तो वजा करावा लागतो, नाहीतर हिशेब चुकतो.

गुडमारच्या नळीतला रंग खरोखरच फिका राहिला. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो, तेवढ्यात तिने आणखी एक नळी पुढे केली. त्यातही रंग बराच फिका. "यात काय आहे?" "आपली चहापत्ती, आजोबा. चहातले तुरट घटकसुद्धा अमायलेजला अडवतात." आता चहाने मधुमेह जात असता तर पुण्यात एकही मधुमेही उरला नसता! परीक्षानळीत पास होणारी पानं ढीगभर आहेत. नळीला पोट नसतं, यकृत नसतं, रक्त नसतं.

म्हणून तिसरी पायरी, उंदीर. त्यासाठी प्राण्यांच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची परवानगी लागते. पांढऱ्या उंदरांना स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं द्रव्य टोचतात. ते स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मारतं आणि उंदराला मधुमेह होतो. मग गट पाडतात. एक निरोगी उंदरांचा, एक मधुमेह आहे पण काहीच देत नाहीत असा, एक ठरलेलं औषध देतात असा, आणि दोन गटांना अर्काचा कमी आणि जास्त डोस. एकेका गटात बहुधा सहा उंदीर. तीन-चार आठवडे शेपटीतून थेंबभर रक्त घेऊन साखर मोजतात.

माझं लक्ष त्या दुसऱ्या गटावर खिळलं, ज्याला काहीच देत नाहीत. तो बिचारा गट कशाला? तर तो नसेल तर अर्काने फरक पडला की आपोआप पडला हे कळणारच नाही. माझ्या डायरीत नेमका हाच गट नव्हता.

आणि उंदरांत साखर उतरली तरी माणसाचं काय? उंदराचा मधुमेह एका इंजेक्शनचा. आपला मधुमेह वीस-पंचवीस वर्षांच्या संसारातून, पोटाच्या घेरातून, आई-वडिलांच्या वारशातून आलेला. त्यात इन्सुलिन असूनही शरीर त्याला दाद देत नाही, हा मोठा भाग असतो.

डोसचा हिशेब मी स्वतः मांडून पाहिला, हा माझ्या प्रांतातला भाग. समजा एखाद्या प्रयोगात उंदराला किलोमागे २०० मिलिग्रॅम अर्क दिला. लहान प्राण्याचं शरीर औषध झपाट्याने वापरून टाकतं, म्हणून माणसासाठी तो आकडा साधारण सहाने भागतात. आले ३२ मिलिग्रॅम. माझं वजन ६५ किलो, म्हणजे रोज दोन ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम भुकटीतून दहा ग्रॅम अर्क निघतो असं धरलं, तर वीस ग्रॅम भुकटी. ताज्या पानात ऐंशी टक्के पाणी धरलं, तर शंभर ग्रॅम ताजी पानं. माझी रोजची दोन पानं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. भरली पाच ग्रॅम! वीस रुपयांच्या कर्जाला एक रुपयाचं तारण.

कृपा करून यावरून उद्यापासून शंभर ग्रॅम पानं खायला लागू नका. अल्कोहोलमध्ये उतरलेला घटक नुसतं चावून पोटात उतरेलच असं नाही. आणि खरंच उतरला, तर गोळ्यांच्या जोडीला साखर एकदम खाली जाऊन चक्कर येण्याचा धोका. यकृत-मूत्रपिंडावर काय परिणाम होतो, त्याची तपासणी वेगळीच. आणि हो, त्या झाडाच्या नावात इन्सुलिन असलं तरी पानात इन्सुलिन नसतं. इन्सुलिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर पोट ते डाळीसारखं पचवून टाकतं, म्हणून तर ते टोचून घ्यावं लागतं.

चौथी पायरी माणसांवरची चाचणी. आपल्यापैकी अनेकांच्या घरी बिबळ्याच्या लाकडाचा पेला आहे, रात्री पाणी ठेवून सकाळी पितात. बिबळा म्हणजे विजयसार. हे पान नव्हे, लाकूड, पण उदाहरण महत्त्वाचं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने त्याची नव्याने निदान झालेल्या मधुमेहींवर चाचणी घेतली, १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९७ पैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. चांगला आकडा आहे. पण नात म्हणाली, "आजोबा, ऑडिटर म्हणून बघा." बघितलं. तुलनेला दुसरा गट नव्हता. मुदत बारा आठवडे. आणि पेल्यातलं पाणी नव्हे, मोजून दिलेला डोस. त्याच १९९८ साली ब्रिटनमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७७ पासून त्यात ५,१०२ नव्या मधुमेहींना घेतलं होतं आणि वर्षानुवर्षं त्यांचे डोळे, हृदय, मूत्रपिंड यांवर लक्ष ठेवलं होतं. मी खणात टाकलेली मेटफॉर्मिन त्या अभ्यासातून तावूनसुलाखून निघालेली होती. माझ्या पानामागे एक मेसेज होता.

मग पानं सगळी खोटीच का? नाही हो. उलट मला पानांचा आदर आता जास्त वाटतो. तीन गोष्टी सांगतो.

पहिली आपल्या घरची. डॉ. म्हसकर आणि फादर कायस या जोडीने १९३० साली गुडमारवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्राण्यांमध्ये या पानांनी साखर उतरते अशी नोंद त्यांनी केली. कायस हे परळच्या हाफकिन संस्थेतले. याच दोघांनी पुढच्या वर्षी सर्पदंशावर सांगितल्या जाणाऱ्या शेकडो वनस्पती तपासल्या आणि त्यातली एकही विषावर उपयोगी नाही असं स्पष्ट लिहून टाकलं. जिथे गुण दिसला तिथे आहे म्हटलं, नाही दिसला तिथे नाही म्हटलं. ऑडिट रिपोर्ट असा असावा.

दुसरी गोष्ट सदाफुलीची. आपल्या गेटपाशी दोन्ही कुंड्यांत आहे. सदाफुलीची पानं-फुलं खाणारे मधुमेही आपल्याकडे खूप. तिकडे जमैका बेटावरही मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा काढा घेत असत. १९५२ साली तिथल्या एका रुग्णाने कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांना पाकिटातून पंचवीस पानं पाठवली. त्यांनी ती आपल्या संशोधक भावाकडे, रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. त्यांनी उंदरांना अर्क पाजला. साखर हलली नाही. मग टोचून पाहिला. उंदीर साखरेने नव्हे, जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. दुसऱ्या कुणी अर्क फेकून दिला असता. यांनी विचार केला, पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात त्या रक्ताच्या कर्करोगात हे उपयोगी पडेल का? रसायनतज्ज्ञ चार्ल्स बिअर यांच्यासह १९५८ पर्यंत त्यांनी विनब्लास्टिन वेगळं काढलं. त्याच झाडातल्या विनक्रिस्टिनने पुढे ल्युकेमिया झालेली कितीतरी लहान मुलं वाचवली. पुढे सदाफुलीच्या पानांनी उंदीर-सशांत साखर उतरल्याच्याही नोंदी आहेत, हेही सांगायला हवं. पण ज्या पानातून कर्करोगाचं इतकं जहाल औषध निघतं, ते पान 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार' म्हणून रोज चावावं का, याचा विचार गेटवरून जाताना करा.

तिसरी गोष्ट माझ्या खणातल्या गोळीची. युरोपात गॅलेगा नावाची जांभळट फुलांची एक शेंगावर्गीय वनस्पती आहे. तिकडच्या लोकवैद्यकात ती जुन्या काळापासून वापरात होती, आणि ती जास्त खाल्ली तर मेंढ्या मरतात हेही माहीत होतं. तिच्यातला गॅलेजिन हा घटक साखर उतरवतो असं आढळलं, पण माणसाला तो विषारी पडत होता. त्याच्याच नात्यातलं एक द्रव्य १९२२ साली डब्लिनमध्ये वर्नर आणि बेल यांनी प्रयोगशाळेत बनवलं. ते मेटफॉर्मिन. त्याच काळात इन्सुलिन आलं आणि हे मागे पडलं. १९५७ साली फ्रान्समध्ये डॉ. झाँ स्टर्न यांनी मधुमेहींवरचा त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या रुग्णांना ते मिळायला १९९५ उजाडलं. म्हणजे मी पानासाठी जी गोळी सोडली, तिची आजी पानातच होती! विषारी भाग मागे टाकून, डोस ठरवून, सत्तर वर्षांच्या तपासण्या पार करून ती माझ्या खणापर्यंत आली होती.

नातीच्या प्रोजेक्टचा निकाल अजून लागायचा आहे. पान पास होईल की नापास, तिला माहीत नाही, आणि त्याची तिला चिंताही दिसत नाही. "नापास झालं तरी लिहायचं, आजोबा," म्हणते.

आता मी काय करतो ते सांगून थांबतो. गोळ्या वेळेवर घेतो. चालणं सोडलेलं नाही, कारण पहिल्या महिन्यातल्या यशात त्याचा वाटा असणार असं मला आता वाटतं. रात्री पायाचे तळवे आरशात बघतो. गेल्या वेळची एचबीए१सी ७.१ आहे. डायरीत नवे रकाने आखलेत, गोळी घेतली का, किती चाललो, बाहेरचं काही घेतलं का. कुणाला पाला, काढा, चूर्ण घ्यायचंच असेल तर जरूर घ्या, पण वैद्यांना विचारून, आपल्या डॉक्टरांना सांगून, आणि गोळी परस्पर बंद न करता. बिननावाच्या पुड्यांपासून मात्र लांब राहा. 'शंभर टक्के वनस्पती' म्हणून विकलेल्या काही चूर्णांत ॲलोपॅथीच्या गोळ्यांची भुकटी सापडल्याचं तपासणीत दिसलेलं आहे.

झाड तोडायचं कारण नाही. कोकणात पावसाळ्यात उगवणाऱ्या आपल्या पेवाच्या कुळातलं, दिसायला सुंदर झाड आहे. पाटी मात्र कार्यकारिणीच्या परवानगीने मी काल बदलली, खर्च माझा. नव्या पाटीवर एवढंच आहे, 'कॉस्टस. शोभेचे झाड. कृपया पाने तोडू नयेत.'

आणि एक विनंती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा ते अकरा मी क्लबहाऊसमध्ये बसणार आहे. आपापल्या साखरेच्या नोंदी आणि खणातली गोळ्यांची पाकिटं घेऊन या. सल्ला देणार नाही, तो अधिकार माझा नाही. फक्त नोंदी नीट लावून देईन, म्हणजे डॉक्टरांसमोर मांडता येतील. काही लपवलं असेल तर तेही आणा. मी कुणाला हसणार नाही, ते कशामुळे होतं हे मला चांगलंच ठाऊक आहे.

बी विंगच्या वहिनींनी पहिल्या रविवारी येते असं कबूल केलंय.